गळावरचे दोन हात

रेवदंड्याच्या बंदरावर अजून फटफटलेलं नाही. आज चैत्र शुद्ध दशमी. काल रामनवमी झाली, त्याच्या आधी कार्ल्याला एकवीरा आईची यात्रा. कोळीवाड्यातली निम्मी माणसं यात्रेहून परतून अजून झोप काढताहेत. बऱ्याच होड्या चिखलात कलंडून पडल्या आहेत. टपरीवाल्याने स्टोव्ह पेटवलाय. खाडीपलीकडे कोर्लईच्या टेकडीची नुसती काळी कड दिसते आणि पायथ्याच्या दीपगृहाचा उजेड मधूनच चमकून जातो.

आमचा नाखवा होडीत बसून वाकलाय आणि पाण्यात हात घालून काहीतरी चाचपतोय. होडीच्या कडेला दोरीने बांधलेला एक निळा प्लास्टिकचा डबा आहे, त्याला चारी बाजूंनी भोकं पाडली आहेत. आत आमिषासाठी जिवंत बोय. काल दुपारच्या सुकतीला त्याच्या पुतण्याने पाग टाकून ती पकडली आणि रात्रभर अशीच खाडीच्या पाण्यात ठेवली. नाखवा एक बोय वर काढतो, विजेरीच्या उजेडात तिच्या पाठीवरून अंगठा फिरवतो, खवलं निघालेली आहेत का बघतो, आणि परत सोडतो. वीतभर लांबीचीच त्याला चालते. लहान असली तर शिंगटी खाते, मोठी असली तर जिताडा ती धरतो पण गळ बाहेरच राहतो, असं त्याचं म्हणणं.

होडीत तिसरा आहे तो चौलच्या वाडीतला तरुण. नोकरीनिमित्त अमेरिकेत क्लीव्हलँडला असतो, सुट्टीवर आलाय, आजचा आमचा पाहुणा. त्याच्या पाठीवर नळकांडं आहे, त्यात घडीच्या दोन काठ्या. हातात कप्प्याकप्प्यांची पेटी. क्लीव्हलँड म्हणजे ईरी सरोवराचा काठ. सरोवर म्हणायचं, पण पसारा २५ हजार चौरस किलोमीटरच्या वर, आपले तीन रायगड जिल्हे त्यात बुडून वर जागा उरेल. तिथे वसंतात बर्फ वितळलं की वॉलआय नावाचा मासा अंडी घालायला उथळ खडकांवर आणि मॉमी नदीत येतो, आणि माणसं कमरेपर्यंतच्या थंडगार पाण्यात उभी राहून गळ टाकतात. हा पोरगाही टाकतो. त्या वॉलआयच्या पेटीतली सगळी हत्यारं त्याने कुंडलिकेच्या खाडीतल्या जिताड्यासाठी आणली आहेत.

"किती आनलंस रं हे, दादूस," नाखवा पेटीकडे बघून म्हणतो. "दुकान घालतंस का?"

होडी सुटते. पुतण्या मागच्या छोट्या इंजिनाची दोरी खेचतो आणि आम्ही साळावच्या पुलाकडे निघतो. पाणी अजून चढतंय, पण सावकाश. हे भांगाचे दिवस. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं तेव्हा या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, खाडी चार तासांत सगळा गाळ ढवळून चहासारखी करून टाकते. अष्टमीच्या पुढेमागे हा फरक निम्म्यावर येतो, ओढ मंदावते, गाळ खाली बसतो. जिताडा डोळ्याने शिकार करणारा मासा. त्याला निदान हातभर तरी दिसलं पाहिजे. म्हणून जाळीवाल्यांना उधाण प्यारं आणि गळवाल्यांना भांग.

भरती केव्हा पुरी होणार यावर होडीत दोन मतं आहेत. पाहुण्याचा मोबाइल सात बारा सांगतो. नाखवा तिथीची पाऊणपट करतो: दशमीचे दहा, त्याचे साडेसात. मधल्या अठरा मिनिटांवर दोघंही अडून बसत नाहीत, कारण पाहायचंय ते पाणी वळताना, घड्याळात नाही.

सव्वासहा. पूर्वेला रोह्याच्या बाजूचे डोंगर निळे होऊ लागलेत. साळावच्या टेकडीवरचं बिर्लांचं गणेशमंदिर पांढरं दिसायला लागतं. पुलाच्या एका खांबापासून दहा वाव अंतरावर पुतण्या इंजिन बंद करतो आणि नांगर सोडतो. खांबाच्या चढत्या पाण्याकडच्या अंगाला भोवरा आहे आणि मागे शांत पाण्याची एक पट्टी. लहान मासळी त्या पट्टीत विसाव्याला थांबते, तिच्या कडेला मोठा मासा थांबतो.

पाहुणा काठी जोडतो. सात फुटी, शेंड्याला लवचीक. रिळावर विणीचा बारीक धागा, त्याच्या टोकाला वीस पौंडी पारदर्शक तंगूस, आणि त्याला जिग. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, त्यावर रबराचा शेपटी हलवणारा मासा चढवलेला. ती जिग तो खांबाकडे फेकतो, तळाला पोचू देतो, काठीचा शेंडा वीतभर उचलतो, परत सोडतो. उचल, सोड, थांब. ईरीवर मार्च-एप्रिलात पाणी पाच ते दहा अंशांत असतं, वॉलआय आळसावलेला, त्याच्या नाकासमोर जिग हळूहळू नाचवावी लागते. चावा कसला, नुसती टिचकी. दोरा किंचित सैल पडला तरी ओढायचं. हे सगळं तो मला हलक्या आवाजात सांगतो आणि हात मात्र एका लयीत चालू असतात. बघायला सुरेख.

नाखवा बघत असतो. मग म्हणतो, "एवरा हलू कशाला? पानी गरम हाय. त्याला भूक हाय."

दुसऱ्याच फेकीला जिग अडकते. खांबाला पाण्याखाली कालवांचं कवच आहे, धारदार. पाहुणा काठी वाकवून बघतो, होडी पुढे न्यायला सांगतो, शेवटी दोरा तुटतो. तिसरी जिग शिंगटी घेऊन येते. नाखवा पक्कड पुढे करतो, "हात लावू नको, काटा हाय," आणि पायाखाली दाबून गळ सोडवतो. शिंगटीच्या कल्ल्यामागचे काटे लागले तर दिवसभर हात ठणकतो, हे त्याला सांगावं लागत नाही, पाहुण्याचं लहानपण इथेच गेलंय. चौथी जिग परत कालवांत.

या वेळात नाखव्याने एकही गळ पाण्यात टाकलेला नाही. तो त्याच्या दोरीची तयारी करतोय आणि मी त्याच्याकडेच बघत राहतो.

काठी नाही, रीळ नाही. हातभर लांबीची एक फळी, दोन्ही टोकांना खाच पाडलेली, तिच्यावर जाड तंगूस गुंडाळलेलं. तंगुसाच्या टोकाला पितळेची फिरकी, जिची दोन टोकं आपापली फिरतात, म्हणजे बोय गोल फिरली तरी पीळ वर चढत नाही. फिरकीच्या वर सुपारीएवढं शिसं, मधून भोक असलेलं, दोरीवर सरकणारं. मासा आमिष घेऊन निघाला तर त्याला वजन कळू नये म्हणून. फिरकीच्या खाली दोन हात लांबीचं अजून जाड तंगूस आणि त्याला गळ. गळ नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीचा, आपल्या किनाऱ्यावर हे नाव कोळ्यांच्या तिसऱ्या पिढीच्या तोंडी आहे. तो गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढतो. नखावर ओरखडा उठला तर ठीक, घसरलं तर कानस.

मग ते खालचे दोन हात. हे तो बोटांनी तपासत नाही. तंगूस दोन ओठांत धरतो आणि गळापासून फिरकीपर्यंत हळूहळू ओढतो. बोटांची कातडी मिठाने आणि दोऱ्यांनी जाड झालेली, तिला बारीक चरा लागत नाही. ओठाला लागतो. मध्ये कुठेतरी तो थांबतो, परत मागे जातो, परत पुढे. तो तेवढा तुकडा कापतो आणि नवा बांधायला घेतो. मला तर तो नव्यासारखा दिसत होता. गाठ आवळायच्या आधी तो थुंकी लावतो, कारण कोरडं तंगूस आवळताना घासून तापतं आणि गाठीच्या तोंडाशीच कमजोर पडतं. उरलेलं टोक दाताने तोडून खिशात ठेवतो, पाण्यात टाकत नाही.

"जितारा दाताने तोरत नाय," तो मला सांगतो. "दात कुठं हायत त्याला? गालाने कापतो."

हे अक्षरशः खरं आहे. जिताड्याच्या तोंडात कानशीसारखे बारीक दात असतात, धार नसते. पण कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. मासा मुंडी झाडतो तेव्हा ताणलेला दोरा त्या कडेवरून घासतो आणि संपतं. जिताड्याच्या बाबतीत काठी किती किमतीची, रीळ कुठल्या देशातलं, धागा कितीपदरी, या सगळ्या गोष्टी माझ्या मते चैनीच्या; हिशेब गळाच्या वरच्या दोन हातांत होतो.

पावणेसातला सूर्य डोंगरावर येतो. खाडी रुपेरी होते. पाणी अजून चढतंय की थांबलंय हे आता नांगराच्या दोरीवरून कळतं. ती सैल पडत चालली आहे. नाखवा नांगर उचलायला सांगतो.

पुलाच्या वरच्या अंगाला, चौलच्या बाजूने, कांदळवनातून एक नाळ खाडीला मिळते. फार तर तीन होड्यांइतकी रुंद. आत खाजण आहे, त्याच्या पलीकडे बांध आणि बांधाला उघाडी. भरतीचं पाणी तिवरांच्या मुळांत शिरतं तेव्हा कोळंबी, बोय, निवटे सगळी आत पसरतात. ओहोटी लागली की त्या सगळ्यांना या एकाच तोंडातून बाहेर यावं लागतं. जिताडा तोंडाशी येऊन उभा राहतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला हाच मासा, तिथे त्याला बारामुंडी म्हणतात, पावसाळा संपून पूरमैदानांचं पाणी नद्यांत उतरायला लागलं की नेमका असाच ओहळांच्या तोंडाशी जमतो, आणि तिकडचे गळवाले वर्षभर त्या आठवड्यांची वाट पाहतात. आपल्याकडे ती वेळ रोज दोनदा येते, भांगाला जरा निवांत येते इतकंच.

होडी नाळेच्या वरच्या बाजूला, तोंडापासून फेकीच्या अंतरावर, नांगरून ठेवली जाते. नांगर पाण्यात टाकत नाहीत, पुतण्या तो दोरी धरून हळूच उतरवतो. इंजिन केव्हाच बंद. आता थांबायचं.

पुतण्या डबा उघडतो. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. पाहुणा खाता खाता वॉलआयची गोष्ट सांगतो. त्याच्या डोळ्यामागे एक चकाकणारा पडदा असतो, अंधुक उजेड त्यावरून परत फिरतो आणि माशाला अंधारातही दिसतं. म्हणून तो संधिप्रकाशात आणि वाऱ्याने ढवळलेल्या पाण्यात शिकार करतो. ओहायोत माणशी दिवसाला सहा मासे, पंधरा इंचांखालचा सोडून द्यायचा, आणि हे मोजायला अधिकारी होडीला होडी लावून येतो.

"आपल्याकडं कोन मोजतोय," नाखवा म्हणतो. मग थोड्या वेळाने, कोणी न विचारता: "मोजायला पायजे."

त्याच्या लहानपणी खाडीत जिताडा किती होता हे तो सांगत नाही, तशा गोष्टी सांगणाऱ्यातला तो नाही. वरच्या अंगाच्या कारखान्यांना एक शिवी घालतो आणि भाकरीचा तुकडा मोडतो. बोलतो ते खारेपाटातल्या तळ्यांबद्दल. पेण-अलिबागच्या खारेपाटात घरापुढे तळं असतं. पावसाळ्यात खाडीत आणि भाताच्या खाचरांत जिताड्याची बोटाएवढी पिल्लं सापडतात, ती आणून लोक तळ्यात सोडतात, आणि मग तो मासा दोन-तीन वर्षं घरच्यासारखा वाढतो. लग्नकार्य, जावयाचा मान, कचेरीतल्या साहेबाकडे अडलेलं काम, सगळ्याला जिताडाच, असं तिकडचे लोक अजून हसत सांगतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये भारतात पहिल्यांदा या माशाची पैदास बंदिस्त टाक्यांत करून दाखवली आणि आता हॅचरीतली पिल्लंही मिळतात. नाखव्याला तळ्यातला जिताडा चालत नाही. "मातीचा वास येतो," तो म्हणतो. पुतण्या मान खाली घालून हसतो. त्याच्या सासरी तळं आहे.

साडेसात वाजून गेलेत. नांगराची दोरी परत ताणली जाते, पण आता होडीचं तोंड दुसरीकडे फिरलंय. पाणी वळलं.

नाळेतून पहिल्यांदा येतो तो नुसता पाचोळा. तिवराची पिवळी पानं, फेस, एक चप्पल. मग पाण्याचा रंग दिसायला लागतो: नाळेतलं पाणी तपकिरी, खाडीतलं हिरवं, आणि दोन्हींच्या मध्ये एक स्पष्ट रेघ, जी तोंडापासून तिरकी निघून आमच्या होडीच्या पुढून जाते. नाखवा त्या रेघेकडे बोट दाखवतो आणि काही बोलत नाही.

तो डब्यातून बोय काढतो. वरच्या ओठातून गळ घालतो, नाकपुड्यांच्या जरा पुढे, म्हणजे ओढीत ती तोंड वर करून नीट पोहत राहील. कात्रीने तिच्या शेपटीचं खालचं टोक नखाएवढं कापतो. आता ती सरळ पोहू शकत नाही, लंगडते. रेघेच्या कडेला तो तिला हाताने सोडतो आणि दोरी ढिली करत जातो. दहा वाव, बारा वाव. मग दोरीचा एक वेढा डाव्या पायाच्या अंगठ्याला घेतो आणि विडी पेटवतो.

पाहुण्याने या वेळी जिग बदललीय. शिसं हलकं, रबराचा मासा मोठा, पांढरा. पण खालचं तंगूस तेच, वीस पौंडी. नाखवा मघाच्या बंडलातला जाड तुकडा पुढे करतो. पाहुणा नको म्हणतो, जाड दोरा दिसतो आणि मासा बिचकतो. ईरीच्या निवळ पाण्यात ते बरोबर असेल. इथे पाणी कितीही बसलं तरी दोन हातांपलीकडे मला तळ दिसत नाही.

तो तपकिरी पाण्यात फेकतो आणि रेघ ओलांडून हिरव्यात आणतो. आता हळू नाही. चार वेळा गुंडाळतो, थांबतो, परत गुंडाळतो. पाचव्या-सहाव्या फेकीला, नेमकं थांबल्यावर, पाण्यात 'भुप्' असा आवाज होतो, रिकामी बाटली पाण्यात दाबावी तसा. जिताडा चावत नाही. तो तोंड एकदम उघडतो आणि समोरचं पाणी सावजासकट आत ओढतो.

काठी वाकते. रीळ किंचाळतं. पाहुणा उभा राहतो आणि काठी उंच धरतो, ताणून, वॉलआयला धरतात तशी, कारण वॉलआय खोल जातो, तळाला दाबून बसतो. जिताडा वर येतो. पूर्ण बाहेर, शेपटीसकट, कल्ले उघडलेले, मुंडी दोन्हीकडे झाडत, आणि मला त्या क्षणी तोंडाच्या कडेला लटकलेला पांढरा रबरी मासाही दिसतो.

"सोर! ढिल्ला सोर!" नाखवा ओरडतो.

काठी सरळ होते. मासा पाण्यात पडतो. रीळ गप्प.

पाहुणा दोरा गुंडाळून आणतो. वीस पौंडी तंगुसाचं टोक तो दोन बोटांत धरून आम्हाला दाखवतो. तुटलेलं नाही. तुटताना तंगूस ताणलं जाऊन त्याच्या टोकाला पीळ पडतो. हे तिरकं कापलेलं आहे आणि त्याच्या वर दोन बोटं आणखी एक अर्धवट काप.

नाखवा बोलत नाही. तो मघाचा जाड तुकडा परत पुढे करतो. या वेळी पाहुणा घेतो.

आणि आता शिकवण्याची पाळी पाहुण्याची. विणीचा बारीक धागा आणि जाड तंगूस एकमेकांना साध्या गाठीने बांधले तर बारीक धागा सरकतो किंवा गाठीचा गठ्ठा काठीच्या कड्यांत अडकतो. तो धागा दातात आणि काठीच्या टोकात ताणून धरतो आणि जाड तंगुसाने त्याला एकदा वरून, एकदा खालून वेढे घेत जातो. दहा, पंधरा, वीस. तंगुसात गाठ मुळी नाहीच, नुसती धाग्याची घट्ट वीण त्याच्या अंगावर बसलेली. थुंकी लावतो. ओढतो. वीण रंग बदलून गडद होते, म्हणजे बसली. नाखवा विडी तोंडातून काढून पुढे वाकतो, ती गाठ हातात घेतो, नखाने खरवडून बघतो, आणि अर्थातच ओठांतून ओढून बघतो.

"ही मना शिकव," तो म्हणतो.

तेवढ्यात त्याचा पाय हलतो.

अंगठ्याचा वेढा सुटतो आणि दोरी कडेवरून जायला लागते, घाईने नाही, एकसारखी. नाखवा ती धरत नाही. त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांत सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या रबरी चकत्या आहेत. त्यांच्यावरून तो दोरी नुसती वाहू देतो. ओठ हलताहेत. मोजतोय बहुधा. जिताडा बोय आडवी धरतो, पुढे जातो, मग तोंडाशी फिरवून डोक्याकडून गिळतो. त्याच्या आधी ओढलं तर नुसती चोळामोळा झालेली बोय हातात येते. दोरी क्षणभर थांबते, परत निघते, आणि आता नाखवा दोन्ही हात मागे नेतो.

मासा जातो नाळेच्या तोंडाकडे, तिवरांच्या मुळांत शिरायला. नाखवा बसल्या जागेवरून त्याला तिरका ओढतो, सरळ मागे नाही. मुळांपासून फिरवायचंय, थांबवायचं नाही. दोरी पाणी कापत डावीकडे येते. मग वर. मला ते आधी दोरीवरून कळतं, तिचा पाण्याशी कोन कमी कमी होत जातो. नाखवा मासा बाहेर यायच्या आधीच दोन्ही हात पुढे झोकतो, छाती फळीवर टेकेपर्यंत. मासा हवेत मुंडी झाडतो, दोरी सैल, झाडायला काही ताणलेलं नाही. पडतो. हात परत मागे. दुसरी उडी, पुन्हा हात पुढे. तिसरी अर्धवट. पाहुण्याच्या लक्षात येतं. तो न बोलता आपली मोकळी काठी हातात घेऊन तसाच पुढे झुकून बघतो.

"नांगर!" पुतण्या नांगर केव्हाच उचलतोय, कारण मासा आता त्याच्या दोरीकडे निघाला आहे. होडी ओहोटीबरोबर वाहायला लागते आणि मासा तिच्या मागे. पुलाकडे. खांब, कालवं. नाखवा आता घाई करतो, एवढ्या वेळात पहिल्यांदाच. वावामागून वाव दोरी होडीत पडते. मासा कुशीवर येतो. पुतण्या हातातलं जाळं मुंडीकडून खाली घालतो, शेपटीकडून नाही.

होडीत जिताडा एकदा धडपडतो आणि पडून राहतो. पाठ हिरवट काळी, कूस चांदीची, कपाळ खोलगट, खालचा जबडा पुढे, शेपटी पंख्यासारखी गोल. पाहुणा वाकून त्याचं डोकं जरा फिरवतो. तिरक्या उन्हात डोळा गुलाबी-लाल चमकतो, निखाऱ्यासारखा नाही, काचेसारखा. "बघा," तो मला म्हणतो, "तोच पडदा." वॉलआयचा आणि जिताड्याचा लांबूनही फारसा संबंध नाही, गढूळ पाण्यात आणि कमी उजेडात शिकार करायची तर दोघांनाही तोच उपाय सापडला. मी कल्ल्याच्या झाकणाच्या कडेला नख लावून बघतो. नखाची साल निघते.

नाखवा गळ काढतो. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसलाय. दोन हातांचा तुकडा वरून खालपर्यंत पांढुरका झालेला, तीन ठिकाणी चरे. तो तेवढा कापतो, गुंडाळतो आणि खिशात टाकतो.

त्यानंतर तासभर काही होत नाही. पाहुणा नव्या तुकड्यानिशी फेकत राहतो, त्याला हाताएवढी एक तांब मिळते, ती तो सोडतो. नाखव्याची दुसरी बोय तशीच परत येते, लंगडत पण जिवंत. नऊच्या सुमाराला ती रेघ विरते, सगळी खाडी एकाच रंगाची होते, वारा पश्चिमेकडून वळतो आणि नाखवा दोरी फळीवर गुंडाळायला घेतो.

बंदरावर ताणकाट्याला मासा साडेतीन किलोच्या थोडा वर भरतो. एवढ्या वजनाचा म्हणजे बहुधा नर. जिताडा जन्माने नरच असतो, आणि पाच-सात वर्षांचा होऊन मीटरभर लांबीच्या आसपास पोचला की त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले मोठाले जिताडे जवळजवळ सगळ्या माद्या. पाऊस लागला की त्या खाडीच्या मुखाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, पण काठावरून गळ टाकणाऱ्याला कोणी अडवत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत ती मोठी मादी नाळेच्या तोंडाशी येऊन उभी असते. नाखवा अशी लागली तर सोडतो का, हे मी त्याला विचारतो. "वैशाखात नाय सोरत," तो प्रामाणिकपणे सांगतो. "आकाडात सोरतो."

पाहुण्याची गाठ तो टपरीवर बसून शिकतो. तिसऱ्या खेपेला जमते.

तुम्हाला जायचं असेल तर वैशाखातली अष्टमी ते दशमी गाठा, शुद्ध असो की वद्य. होडीवाल्याला एक दिवस आधी सांगून ठेवा, कारण बोय पकडायला त्याला आदल्या दिवशीची ओहोटी लागते. काठी-रीळ जे असेल ते चालेल, गळावरचं तंगूस मात्र साठ पौंडांच्या खालचं नेऊ नका, आणि कापलेले तुकडे खिशात घालून परत आणा. तिवरांत अडकलेल्या तंगुसात बगळ्यांचे पाय गुंततात. आणि आषाढात, एक मीटरच्या पुढची लागली, तर ती सोडून द्या.